सोमवार सकाळचे शहाणपण

सामना हरला की दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत काय चालते ते वेगळे सांगायला नको. शेवटचे षटक कोणाला द्यायला हवे होते, कोणाला आधी फलंदाजीला पाठवायला हवे होते, हे चहाचा कप हातात असताना प्रत्येकाला स्वच्छ दिसत असते. मैदानावरच्या कर्णधाराला तेवढे ते दिसलेले नसते. अमेरिकेतील लोकांनी या प्रकाराला एक नावच देऊन टाकले आहे : ‘सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक’. तिकडे त्यांच्या फुटबॉलचे बहुतेक सामने शनिवारी-रविवारी होतात आणि सोमवारी कचेरीत आलेला प्रत्येक जण, आपण त्या जागी असतो तर काय केले असते, ते सांगू लागतो. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो.

या शब्दप्रयोगाच्या इतिहासात १९३१ सालच्या एका भाषणाचा दाखला दिला जातो. भाषण करणारा होता हार्वर्ड विद्यापीठाचा तेव्हाचा नावाजलेला क्वार्टरबॅक बॅरी वूड. गंमत अशी की, हा वूड पुढे डॉक्टर आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ झाला. रक्तातील पांढऱ्या पेशी जिवाणूंना कशा गिळतात आणि ताप नेमका कशाने येतो, या विषयांवर त्याने महत्त्वाचे संशोधन केले. वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा विभागप्रमुख झाला होता. असो.

सोमवारच्या या शहाणपणाची चिकित्सा करायची तर एक नमुना समोर हवा. आम्ही निवडलेला नमुना १ फेब्रुवारी २०१५ चा आहे. त्या दिवशी अ‍ॅरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचा अजिंक्यपदाचा सामना, म्हणजे ‘सुपर बोल’, झाला. एका बाजूला आदल्या वर्षी ४३-८ अशा फरकाने अजिंक्यपद मिळवलेला सिअ‍ॅटलचा ‘सीहॉक्स’ संघ होता, तर दुसऱ्या बाजूला ‘न्यू इंग्लंड पॅट्रियट्स’. या सामन्यातील शेवटच्या अर्ध्या मिनिटातला एक निर्णय ‘इतिहासातील सर्वांत वाईट चाल’ म्हणून गाजला आणि आजही त्यावर वाद घातला जातो.

पुढे जाण्यापूर्वी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो मुख्यतः हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा असतो. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. चेंडू गोलरेषेपलीकडे नेला की सहा गुण. प्रत्येक प्रयत्न ही एक स्वतंत्र, आधी बसवलेली चाल असते आणि दोन प्रयत्नांच्या मधल्या काही सेकंदांत पुढची चाल खेळाडूंना सांगितली जाते. चालीचे ढोबळ प्रकार दोन : चेंडू घेऊन धावायचे, नाही तर तो सहकाऱ्याकडे फेकायचा. फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने मधल्यामध्ये पकडला तर डाव त्याच्याकडे जातो. आता घड्याळाचा नियम. धावणाऱ्याला मैदानात पाडले तर घड्याळ चालूच राहते. फेकलेला चेंडू कोणीच न झेलता जमिनीवर पडला तर घड्याळ थांबते. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

तर त्या दिवशी तीन चतुर्थांश सामना संपला तेव्हा सिअ‍ॅटल २४-१४ असे पुढे होते. नंतर पॅट्रियट्सने दोनदा गोलरेषा ओलांडली आणि दोन मिनिटे दोन सेकंद उरली असताना २८-२४ अशी आघाडी घेतली. सिअ‍ॅटलने पुन्हा मुसंडी मारली. जर्मेन कर्स या खेळाडूने जमिनीवर पडल्यापडल्या, पायावर आणि हातावर उसळणारा चेंडू कसाबसा झेलला आणि संघ गोलरेषेपासून पाच यार्डांवर आला. पुढच्या चालीत मार्शॉन लिंच धावला. लिंच हा त्या काळचा अतिशय दांडगा धावपटू, त्याला पाडायला तीन-चार माणसे लागत. तो चार यार्ड पुढे गेला. उरला एक यार्ड, म्हणजे तीन फूट. तीन प्रयत्न हातात होते, घड्याळ थांबवण्याची एक सवलत, म्हणजे ‘टाइमआउट’, शिल्लक होती आणि पुढची चाल सुरू झाली तेव्हा घड्याळात २६ सेकंद होते.

सगळ्या जगाला वाटत होते की चेंडू पुन्हा लिंचकडे जाणार. सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याने तो रिकार्डो लॉकेटकडे फेकला. पॅट्रियट्सचा माल्कम बटलर मधे घुसला आणि त्याने चेंडू पकडला. वीस सेकंद उरली होती. सामना तिथेच संपल्यात जमा झाला. बटलर हा त्याच वर्षी आलेला नवखा खेळाडू होता. वार्षिक निवडीत त्याला कोणत्याही संघाने घेतले नव्हते. त्याच आठवड्यात सरावात हीच चाल त्याच्यावर करून पाहिली होती आणि तेव्हा तो चुकला होता. या वेळी खेळाडूंची मांडणी पाहताच त्याने ती ओळखली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारीच, वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून एकच कल्लोळ झाला. जुने खेळाडू, समालोचक आणि सिअ‍ॅटलचे चाहते यांचा एकच प्रश्न होता : लिंच असताना चेंडू फेकलाच का? प्रशिक्षक पीट कॅरोल याने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. मात्र त्याने एक भेद केला. निर्णयाचा परिणाम आजवरचा सर्वांत वाईट होता, हे त्याने मान्य केले. निर्णय सर्वांत वाईट होता असे मात्र तो म्हणाला नाही. बहुतेकांना ही पळवाट वाटली. आम्हीही हा प्रसंग प्रथम समजून घेतला तेव्हा आमच्या तोंडून ‘मग धावायला काय झाले होते?’ हेच निघाले. सगळी चर्चा वस्तुतः या एका भेदाभोवती फिरते.

चाहत्यांचा राग क्वार्टरबॅकवर न जाता प्रशिक्षकावर का गेला, यालाही एक इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात या खेळात मैदानाबाहेरून सूचना देणे नियमबाह्य होते. चाल क्वार्टरबॅकनेच ठरवायची आणि दोषही त्यानेच घ्यायचा. व्यावसायिक संघटनेने बाकावरून सूचना देण्याची मुभा १९४४ मध्ये दिली. त्यानंतर क्लीव्हलंडचा प्रशिक्षक पॉल ब्राउन याने एक युक्ती काढली. प्रत्येक चालीला तो एक खेळाडू बदलत असे आणि आत जाणारा खेळाडू पुढच्या चालीचा निरोप घेऊन जाई. हे निरोप्याचे काम करणाऱ्यांपैकी चक नोल पुढे स्वतः मोठा प्रशिक्षक झाला आणि त्याने पिट्सबर्गला चार सुपर बोल जिंकून दिले. १९५६ मध्ये ब्राउनने क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ बसवून पाहिला. प्रतिस्पर्धी संघ त्या लहरी पकडण्याच्या खटपटीला लागले आणि त्याच वर्षी संघटनेने या यंत्रावर बंदी घातली. पुढे १९९४ मध्ये हाच रेडिओ अधिकृत झाला. आता प्रशिक्षक थेट क्वार्टरबॅकच्या कानात बोलतो आणि चाल सुरू करण्याच्या मुदतीतील शेवटचे पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद पडतो. म्हणजे पन्नास वर्षांत निर्णय मैदानातून बाहेर सरकला आणि त्याच्याबरोबर दोषही. मैदानात धडका खाणाऱ्या खेळाडूला लोक एक वेळ क्षमा करतात, हातात कागद घेऊन कडेला उभ्या असलेल्या माणसाला करीत नाहीत.

आता त्या निर्णयाकडे वळू. कॅरोल आणि त्याचा सहायक डॅरेल बेव्हेल यांना त्या क्षणी काय माहीत होते? त्या हंगामात सर्व संघांनी मिळून एक यार्डावरून १०८ वेळा चेंडू फेकला होता आणि तो एकदाही प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला नव्हता. विद्यार्थ्यांना येथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : १०८ पैकी शून्य, म्हणून धोका शून्य म्हणायचा का? नाही. संख्याशास्त्रात एक सोपा ‘तीनचा नियम’ आहे. ‘न’ प्रयत्नांत एखादी घटना एकदाही घडली नसेल, तर तिची खरी शक्यता साधारणपणे तीन भागिले ‘न’ याहून अधिक नसावी, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. ३ भागिले १०८ म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के. आधीच्या पंधरा हंगामांचा हिशेब काढणाऱ्यांना हा धोका दोन टक्क्यांच्या आसपास आढळला, तो याच्याशी जुळतो. उलट लिंच त्या हंगामात एक यार्डावरून पाच वेळा धावला होता आणि एकदाच यशस्वी झाला होता. अर्थात पाच हा आकडा फारच लहान आहे. त्यावरून लिंच कमी पडतो असे म्हणणे हाही उतावळेपणाच. पण ‘लिंचला दिला की झालेच’ असे समजायला आधार नव्हता, एवढे तरी त्यातून दिसते.

राहिला घड्याळाचा प्रश्न. वेळ २६ सेकंद, प्रयत्न तीन, टाइमआउट एक. लिंच धावला आणि अडला तर घड्याळ चालू राहते, ते थांबवायला टाइमआउट खर्ची पडते. पुन्हा धावला आणि अडला, तर खेळाडू ढिगातून उठून पुन्हा रांगेत लागेपर्यंत सामना संपण्याची भीती. म्हणजे तीनही वेळा धावणे जवळजवळ अशक्य होते. तीन प्रयत्न हवे असतील तर त्यांत एकदा तरी चेंडू फेकावाच लागणार, कारण तो खाली पडला तर घड्याळ फुकटात थांबते.

थोडे अंकगणित करून पाहू. सोपेपणासाठी मानू की धावून किंवा फेकून गोलरेषा ओलांडण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी आहे, आणि फेकलेला चेंडू हिसकावला जाण्याची शक्यता दोन टक्के. (धावताना चेंडू हातून निसटण्याचा धोका आपण सोडून देऊ. तो धरला तर धावण्याची बाजू आणखी थोडी पडेल.) फक्त दोनदा धावले, तर यशाची शक्यता ७५ टक्के. आधी फेकून मग दोनदा धावले, तर पहिल्या चालीत ५० टक्के यश, ४८ टक्के वेळा चेंडू खाली आणि त्यातील तीन-चतुर्थांश वेळा पुढच्या दोन धावांत यश, म्हणजे आणखी ३६ टक्के. एकूण ८६. आधी धावून मग फेकून मग पुन्हा धावले, तर उत्तर ८७ येते. वाचकांनी ते स्वतः काढून पाहावे. म्हणजे या गृहीतांवर ‘इतिहासातील सर्वांत वाईट’ आणि ‘उत्तम’ यांच्यात शंभरात एकाचा फरक राहतो. शिवाय आधी धावले तर टाइमआउट संपते आणि पुढच्या वेळी चेंडू फेकलाच जाणार हे प्रतिस्पर्धी ओळखतो. १९२८ साली जॉन फॉन न्यूमन यांनी खेळांच्या गणिताचा पाया घातला, तेव्हापासून हे माहीत आहे की दोन चाली उपलब्ध असताना, त्यांतली एक सर्वच परिस्थितींत सरस नसेल, तर नेहमी एकच खेळणे तोट्याचे ठरते. सगळ्या जगाला लिंचच धावेल असे वाटत होते, आणि त्या जगात पॅट्रियट्सचे अकरा खेळाडूही होते.

याचा अर्थ कॅरोलच्या निर्णयाला नावे ठेवायला जागाच नाही असे आम्ही म्हणत नाही. चेंडू फेकायचाच होता तर तो गर्दीच्या दिशेने, आतल्या बाजूला का? कोपऱ्यात उंच फेकला असता तर एक तर आपल्या माणसाने झेलला असता, नाही तर बाहेर पडला असता. ही टीका सकस आहे, कारण ती करायला निकाल माहीत असावा लागत नाही. रविवारी, चाल सुरू होण्यापूर्वीही ती करता आली असती. सोमवारच्या टीकेतील धान्य आणि भूस वेगळे करायला आम्हाला हीच एक चाळणी सापडली आहे.

या चाळणीची गरज किती आहे ते त्याच सामन्यातील आणखी दोन निर्णयांवरून दिसते. मध्यंतराला सहा सेकंद उरली असताना सिअ‍ॅटल गोलरेषेपासून अकरा यार्डांवर होते. लाथ मारून तीन गुण घेणे सुरक्षित होते. कॅरोलने ते सोडून चेंडू फेकायला लावला. ख्रिस मॅथ्यूजने तो झेलला आणि बरोबरी झाली. चेंडू मैदानात कोठे अडला असता तर वेळ संपून तीन गुणही गेले असते. पण अडला नाही, म्हणून त्या निर्णयाचे धाडस म्हणून कौतुक झाले. तोच प्रशिक्षक, तोच सामना, तीच वृत्ती. दुसरा निर्णय पॅट्रियट्सचा प्रशिक्षक बिल बेलिचिक याचा. लिंच एक यार्डावर पोचला तेव्हा घड्याळ भराभर चालले होते आणि ते थांबवणे बेलिचिकच्या हातात होते. त्याने थांबवले नाही. सिअ‍ॅटलने गोलरेषा ओलांडली असती तर उत्तर द्यायला त्याच्या संघाला वेळच उरला नसता आणि सोमवार सकाळ त्याच्या नावाची झाली असती. बटलरने चेंडू पकडला आणि बेलिचिकचे स्वस्थ उभे राहणे ही प्रतिभा ठरली.

मनुष्याच्या मनाचा हा गुण प्रयोगाने प्रथम दाखवला तो बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने, १९७५ मध्ये. त्याने प्रयोगासाठी निवडलेला मजकूर आपल्याकडच्या इतिहासातला होता, हे भारतीय शिक्षकांना क्वचितच ठाऊक असते. तो होता १८१४ सालच्या इंग्रज-गुरखा संघर्षाचा. जेरुसलेम येथील विद्यार्थ्यांना त्याने या संघर्षाची पार्श्वभूमी सांगणारा एक उतारा वाचायला दिला. शेवट चार असू शकत होते : इंग्रजांचा विजय, गुरख्यांचा विजय, तहाविना कोंडी, किंवा कोंडी होऊन तह. एका गटाला शेवट सांगितलाच नाही. बाकीच्या प्रत्येक गटाला वेगवेगळा शेवट ‘हेच घडले’ म्हणून सांगितला. मग सर्वांना विचारले, की उताऱ्यातील माहिती पाहता कोणत्या शेवटाची किती शक्यता होती?

शेवट न सांगितलेल्या गटाने इंग्रजांच्या विजयाला सरासरी सुमारे ३४ टक्के शक्यता दिली. ‘इंग्रज जिंकले’ असे ज्यांना सांगितले होते त्यांनी ५७ टक्के दिली. गुरख्यांच्या विजयाला पहिल्या गटाने २१ टक्के दिले, तर ‘गुरखे जिंकले’ हे ऐकलेल्या गटाने ३८ टक्के. म्हणजे खोटा शेवट सांगितला तरी तो आधीपासूनच दिसत होता असे वाटू लागते. याहून मार्मिक भाग पुढचा आहे. उताऱ्यातील कोणती माहिती महत्त्वाची होती असे विचारल्यावर प्रत्येक गटाने आपापल्या शेवटाला जुळणारी वाक्ये निवडली. निकाल कळल्यावर आपण नुसता अंदाज बदलत नाही, पुरावाही नव्याने वाचतो. आणि आपण तसे केले हे आपल्याला कळत नाही.

(प्रत्यक्षात १८१४ मध्ये इंग्रजांना सुरुवातीला जबर तडाखे बसले. नालापाणीच्या किल्ल्यापाशी त्यांचा सेनापती जिलेस्पी मारला गेला. शेवटी इंग्रज जिंकले आणि १८१६ मध्ये सुगौलीचा तह अमलात आला. नालापाणीनंतरच्या आठवड्यात हा शेवट किती जणांना दिसत असेल?)

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये याच्या जवळचा, पण वेगळा दोष दाखवला. पंचावन्न वर्षांच्या हृदयरोग्यावर शस्त्रक्रिया करायची की नाही, तीत मृत्यूचा धोका आठ टक्के, असा प्रसंग त्यांनी मांडला. एका मांडणीत रोगी बरा झाला असे सांगितले, दुसरीत तो दगावला असे. निर्णयाच्या वेळची माहिती दोन्हींत अगदी सारखीच होती. तरीही रोगी दगावल्याचे सांगितले तेव्हा डॉक्टरचा निर्णय कमी प्रतीचा ठरवला गेला. निकालाचा विचार करू नये हे तत्त्व विचारल्यावर मान्य करणारेही यातून सुटले नाहीत.

याची किंमत कोणाला मोजावी लागते? डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने २००६ मध्ये याच फुटबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौथ्या प्रयत्नात लाथ मारून चेंडू देऊन टाकायचा, की पुढे जाण्याचा धोका पत्करायचा, हा तो प्रश्न. त्याच्या हिशेबाप्रमाणे संघ गरजेपेक्षा फारच जास्त वेळा लाथ मारत होते. लाथ मारून हरलेल्या प्रशिक्षकाला कोणी विचारत नाही, धोका पत्करून हरलेल्याला सगळेच विचारतात. म्हणून माणूस जिंकण्यासाठी न खेळता दोष टाळण्यासाठी खेळू लागतो. नको असलेल्या तपासण्या लिहून देणारा डॉक्टर त्याच वाटेने जातो. आणि नवी रीत वापरून उत्तर चुकलेल्या मुलाच्या वहीवर आपण मारलेली लाल फुली त्या मुलालाही हेच शिकवत असते.

इतिहासाच्या तासाला तर आपण सगळेच सोमवार सकाळी उभे असतो. फळ्यावर ‘१७६१’ लिहूनच आपण पानिपत शिकवायला सुरुवात करतो. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मुलांना लढाईच्या आधीपासून माहीत असतो. मग भाऊसाहेबांच्या चुकांची यादी : गनिमी कावा सोडला, जड तोफखान्यावर विसंबले, सूरजमल जाटाचे ऐकले नाही. या यादीत तथ्य नाही असे नव्हे. पण पानिपतच्या जेमतेम अकरा महिने आधी, फेब्रुवारी १७६० मध्ये, उदगीरला याच भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याच्या याच तोफखान्याच्या बळावर निजामाला नमवले होते. तेव्हा तो तोफखाना म्हणजे दूरदृष्टी होती. उत्तरेकडे निघताना भाऊसाहेबांच्या हाती उदगीरचा अनुभव होता, पानिपतचा नव्हता. चाळणी इथेही तीच लावता येईल. उन्हाळा-पावसाळा उलटत चालला असताना यात्रेकरू आणि कुटुंबकबिला बरोबर ठेवून धान्याची सोय कशी होणार, हा आक्षेप लढाईच्या आधीच घेता येत होता, म्हणून तो टिकतो. ‘तोफखान्यामुळे हरले’ हा आक्षेप उदगीरपाशी अडखळतो.

फिशहॉफचा प्रयोग वर्गात करायला काहीही साहित्य लागत नाही. मुलांना अपरिचित असलेली एखादी लढाई, निवडणूक किंवा मोहीम घ्यावी आणि निकालाच्या आदल्या दिवसापर्यंतची हकीकत पानभर लिहून काढावी. निम्म्या वर्गाच्या चिठ्ठीत एक शेवट, निम्म्याच्या चिठ्ठीत दुसरा. चिठ्ठी वाचल्यावर, ‘ही वाचली नसती तर’ असे धरून शंभर गुण दोन शेवटांत वाटायला सांगावे आणि हकीकतीतील महत्त्वाच्या वाटलेल्या तीन वाक्यांखाली रेघ मारायला लावावी. मग दोन्ही बाजूंच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. गुणांपेक्षा त्या रेघा पाहण्यासारख्या असतात. तास संपण्यापूर्वी खरा शेवट सांगायला विसरू नये, नाही तर निम्मी मुले खोटा इतिहास घेऊन घरी जातील. याला जोडून आणखी एक करता येते. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपला अंदाज आणि त्याचे कारण तारीख घालून वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी ‘मी म्हटलेच होते’ म्हणणाऱ्याने वही उघडायची. शिक्षकांनीही.

ग्लेनडेलच्या त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायचा राहिला. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी पॅट्रियट्स पुन्हा अंतिम सामन्यात होते, या वेळी फिलाडेल्फियाच्या संघाविरुद्ध. मध्यंतराच्या थोडे आधी फिलाडेल्फिया गोलरेषेपासून नेमक्या एक यार्डावर आले. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता. लाथ मारून तीन गुण सहज मिळाले असते. प्रशिक्षक डग पीडरसन याने चेंडू फेकण्याची चाल मान्य केली, आणि तीही अशी की फेकणारा वेगळाच आणि झेलणारा खुद्द क्वार्टरबॅक निक फोल्स. चाल साधली, संघ ४१-३३ असा जिंकला आणि त्याच वर्षी त्यांच्या स्टेडियमबाहेर चाल ठरवणाऱ्या त्या दोघांचा पुतळा उभा राहिला.

हरलेल्या पॅट्रियट्सकडे त्या दिवशी माल्कम बटलर होता. हंगामभर नियमित खेळलेल्या या खेळाडूला बेलिचिकने बचावात एकदाही उतरवले नाही. पॅट्रियट्सच्या चाहत्यांचा तो सोमवार याच एका प्रश्नावर गेला. बेलिचिकने त्याचे कारण सविस्तर सांगितले नाही.